धुळीआडच्या दीर्घिकेची बैठक

आमच्या संशोधन संस्थेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे एक पाहुणे आलेत. काम काय म्हणून विचारलं तर म्हणतात, सोयरीक. आत सोडू का?"

मी धावतच खाली गेले. पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून वर आलेली नारळाची शेंडी, अशा थाटात दौलतमामा पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसले होते. पहारेकरी बाजूला उभा होता. मामांना कुठेही जरा वेळ थांबवून ठेवलं की तिथली खुर्ची त्यांची होते, हा आमच्या घरातला जुना अनुभव आहे.

दौलतमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. फलटणच्या बाजूला पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते लग्नाच्या बैठकांमुळे. मानपानावरून, देण्याघेण्यावरून, लग्न कुणाच्या दारात यावरून दोन घरांचं फाटायला आलं की मामांना बोलावणं जाई. मामा जात, दोन्हीकडचा चहा पीत आणि संध्याकाळपर्यंत सुपारी फोडून परत येत.

"कुणाची सोयरीक, मामा?"

"तुजी. दुसरी कुनाची आसनार? पोरगा साखर कारखान्यात इंजिनेर हाय. घर चांगलं हाय. त्यांचं म्हननं येवढंच, पोरगी ती काय शिकतीया ते येकदा संपू दे. म्हनून म्या इचारायला आलो, कवा संपतंय?"

खरं तर मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, खगोलशास्त्रात डॉक्टरेट करणारी, चार लोकांत ताठ मानेने वावरणारी बाई होते. पण 'कवा संपतंय' हे शब्द ऐकले आणि मी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून भोकाड पसरलं. पहारेकरी बिचारा माझ्यासाठी पाणी आणायला गेला.

"संपतच नाही, मामा. माझं सगळं लिहून झालंय. दोन सह्या हव्यात, त्या मिळत नाहीत. महिनाअखेर नोंदणी संपते. मग सगळं पाण्यात. हॉलंडमधल्या वेधशाळेनं नोकरी देऊ केलीय, तीही गेली."

"सह्या का करत न्हाईत?"

"भांडण आहे."

मामांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. कंटाळलेल्या माणसाच्या तोंडावर ताज्या चहाच्या वासाने जसा फरक पडतो, तसा त्यांच्या तोंडावर पडला. "कशावरनं?" त्यांनी विचारलं.

मी नाक पुसून सांगायला लागले. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक मोठं थोरलं गाव. मी अभ्यास करत होते ती दीर्घिका धुळीने भरलेली. धूळ इतकी की आतला उजेड बाहेर येतच नाही. तो धुळीतच मुरतो, धूळ तापते आणि तिची ऊब तेवढी अवरक्त दुर्बिणीला दिसते. साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर फिकट डाग, अवरक्त दुर्बिणीतून पाहिलं तर आसपासच्या सगळ्यांवर मात करणारी.

"राखंखालचा इस्तू," मामा म्हणाले.

"तसंच. आता आत पेटलंय काय, ते शोधायचंय. ढिगाने नवे तारे जन्मताहेत त्यांची ती ऊब आहे, की मधोमध एक भलंमोठं कृष्णविवर बसलंय आणि त्यात पडताना वायू तापतोय त्याची?"

"दोनी आसंल."

"दोन्ही आहे. किती कशाचं, यावर भांडण आहे."

"म्हंजे वाटनीचं भांडान," मामा म्हणाले आणि उठले. "चल, दाव मला मानसं."

माणसं दोन होती. दोघंही माझे मार्गदर्शक. डॉ. कुमुद सबनीस मॅडम ताऱ्यांच्या बाजूच्या. डॉ. विश्वास नानिवडेकर सर कृष्णविवराच्या बाजूचे. एके काळी त्यांनी मिळून चांगलं काम केलं होतं, आणि मी त्याच भरवशावर दोघांच्या हाताखाली नाव नोंदवलं होतं. पण मधल्या काळात एका परिषदेत मॅडमचं भाषण संपल्यावर सरांनी उभं राहून विचारलं, "हा निष्कर्ष होता, की विनोद?" सभागृह हसलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे कसं, तर एकाच टेबलाशी समोरासमोर बसून ते माझ्यामार्फत बोलत. "वैजयंती, मॅडमना सांग, खिडकी लावून घ्या." मॅडम हातभर अंतरावर. मी मान वळवून सांगायची, "मॅडम, खिडकी." मॅडम म्हणायच्या, "त्यांना सांग, मला उकडतंय." संस्थेतले बाकीचे लोकही हळूहळू वाटले गेले होते. गुरुवारी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी असायची, तेव्हा तारेवाले खिडकीपाशी आणि विवरवाले भिंतीपाशी बसत. मी दोघांची विद्यार्थिनी असल्यामुळे ताट घेऊन उभ्याने खायची.

माझ्या प्रबंधाच्या गोषवाऱ्यात एक वाक्य होतं. 'या दीर्घिकेची ऊर्जा प्रामुख्याने अमुकमुळे.' अमुकच्या जागी तारे घातले की सर सही करत नसत, विवर घातलं की मॅडम. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे माझा स्वतःचा आकडा केव्हाचा तयार होता. अवकाशातल्या दुर्बिणीने घेतलेला वर्णपट माझ्याकडे होता. त्यातल्या काही रेषा फक्त नव्या ताऱ्यांपाशी उमटतात, काही फक्त कृष्णविवराजवळच्या प्रखर किरणांत. त्यांवरून मी वाटणी काढली होती. तो आकडा सांगायला मी तोंड उघडलं की सर म्हणत, "आकडे नंतर. आधी तत्त्व ठरू दे." आणि मॅडम म्हणत, "त्यांना सांग, या एका बाबतीत मी सहमत आहे."

मामांनी त्याच दुपारी दोघांना गाठलं. आधी मॅडमच्या खोलीत गेले, हात जोडले आणि म्हणाले, "म्या पोरीचा मामा. पोरीकडनं आलोय. समोरच्या पार्टीनं पुढाकार घेतलाय, म्हनून आलो." मग सरांच्या खोलीत जाऊन अक्षर न बदलता तेच म्हणाले.

शिकलेल्या मराठी माणसाचं एक असतं. तो संचालकाला नाही म्हणू शकतो, परदेशी परीक्षकाला नाही म्हणू शकतो, पण मुलीच्या मामाने नारळाची पिशवी घेऊन दारात हात जोडले तर त्याला 'बसा ना' म्हणावंच लागतं. शिवाय समोरच्याने पुढाकार घेतला हे ऐकून दोघंही मनातून सुखावले होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं ठरलं. मामा रात्री आमच्या वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत गाढ झोपले. मी जागीच होते.

"समोरासमोर बसवायचं न्हाई," मामांनी सकाळी मला बजावलं. "समोरासमोर बसली की मानसं खरं बोलत्यात. मग मोडतंय." म्हणून मॅडमना ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसवलं आणि सरांना पलीकडच्या संगणकखोलीत. मधल्या बोळात मी स्टोव्ह पेटवून चहा करायचा. दुसरं काही करायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही. बैठकीत मुलीचं काम चहापुरतं असतं, असं मामांचं म्हणणं.

मामा मॅडमकडून आले. "ताऱ्यास्नी नव्वद. त्याच्याखाली येनार न्हाई म्हनत्यात." मग सरांकडे जाऊन आले. "हितं विवराला नव्वद. येकशेऐंशी झालं. येका दीर्घिकंत येवढं बसतंय का गं?"

"शंभरच असतात, मामा."

"मग ऐंशी कमी करायचं. करू."

मी दोन्हीकडे चहा नेत होते, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं. सर म्हणाले, "सबनीसबाईंना म्हणावं, धूळ म्हणजे काय हे त्यांना अजूनही कळलेलं नाही." मामांनी मान डोलावली, बोळ ओलांडला आणि मॅडमसमोर बसून म्हणाले, "सर म्हनत्यात, धुळीचं बाईंयेवढं कुनाला कळत न्हाई."

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. "विश्वास असं म्हणाला?"

"दोनदा म्हनले."

मॅडमनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "पंच्याहत्तर. पण त्यांना म्हणावं, कृष्णविवर दिसत नाही म्हणून ते आहेच असं होत नाही." मामा उठले, बोळ ओलांडला आणि सरांना म्हणाले, "बाई म्हनत्यात, न दिसनारं बघायची नजर तुमची. आमची तेवढी न्हाई."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. तो अगदी स्वच्छ होता. "सत्तर करा विवराचे," ते हळूच म्हणाले.

बोळात मी मामांचा हात धरला. "मामा, तुम्ही निरोप बदलताय."

"निरोप हाय तसाच न्यायचा आसला तर फोन हाय की. मानूस कशाला पायजे?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. आकडे उतरत होते. मी हॉलंडला जाणार होते. मी चहात जास्तीची साखर घातली.

पण बैठक जसजशी पुढे सरकली, तसतसं भलतंच घडायला लागलं. इतक्या वर्षांत एकमेकांचं एक चांगलं अक्षर ऐकलं नव्हतं, आणि आता दर खेपेला मामा ताटभर कौतुक वाढून आणत होते. दोघंही विरघळले. मॅडम म्हणाल्या, "तो इतकं मोठं मन दाखवतोय, तर मीच का अडून बसू? ताऱ्यांना पन्नास पुरेत. नाही, चाळीस." पलीकडे सर म्हणत होते, "कुमुद मुळात हट्टी नव्हतीच. विवराला पस्तीस करा. जास्त नको."

मामा बोळात येऊन स्टोव्हशेजारी उकिडवे बसले. मी त्यांना प्रथमच गोंधळलेलं पाहिलं.

"चाळीस आन् पस्तीस. पंचाहत्तर झालं. पंचीस उरलं की गं. ते कुनाचं?"

"कुणाचंच नाही, मामा. दोघांनी सोडलं."

"आसं माज्या जल्मात झालं न्हाई," मामा म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उरलेलं देवाला."

मला वाटलं ते थट्टेने म्हणाले. पण त्यांनी तो प्रस्ताव दोन्ही खोल्यांत मांडला. सरांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला. "देवाला नको, त्याला परीक्षक हरकत घेतील. पण जुने तारे आहेत ना? त्यांच्या उजेडानेही थोडी धूळ तापते. त्यांना द्या." मामांनी हे मॅडमना सांगितलं. या खेपेला निरोप न बदलता, कारण तो त्यांना कळलाच नव्हता.

"जुन्या ताऱ्यांचा विचार केला त्याने?" मॅडम खुर्चीतून उठल्या. "माझ्या जुन्या ताऱ्यांचा? मग राहू दे, मला नको. ते पंचवीस विवराला द्या."

सरांनी ते साफ नाकारलं. मॅडमनी परत पाठवलं. सरांनी पुन्हा नाकारलं. थोड्याच वेळात आवाज चढले. "बाईंना म्हणावं, मी एकदा सोडलेलं परत घेत नसतो," सर ओरडले. "त्यांना म्हणावं, मी भीक घेत नाही," मॅडम ओरडल्या. ग्रंथालयात पुस्तक बदलायला आलेला एक विवरवाला बोळाच्या तोंडाशी थबकला. आपल्या पुढाऱ्याला विवराच्या विरुद्ध इतक्या तळमळीने भांडताना ऐकून तो पुस्तक न बदलताच निघून गेला.

शेवटी मामांनी दोन्ही दारांच्या मधोमध उभं राहून आवाज लावला. "आता दोगंबी गप ऱ्हावा. पन्नास-पन्नास. मला यष्टी गाठायची हाय."

मग सरांच्या खोलीतून बारीक आवाज आला, "आणि अनिश्चितता?"

"ती काय आसती?"

"आकडा थोडा वर-खाली होऊ शकतो, त्याची मोजदाद."

"ती निम्मी तुमची, निम्मी त्यांची," मामा म्हणाले, आणि हा मुद्दाही निकालात निघाला.

दोघांना व्याख्यानाच्या खोलीत आणलं. दारात दोघंही थांबले. "आधी तुम्ही." "छे, तुम्ही." मामांनी दोघांच्या पाठीला हात लावून त्यांना आत घेतलं. टेबलावर प्रोजेक्टरशेजारी नारळ ठेवला, पानसुपारी मांडली, खिशातून अडकित्ता काढला. मॅडम आणि सर एकमेकांकडे न बघता हसत होते. मला त्यांच्याविषयी एवढी माया वाटली की काय सांगू. इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"लिही पोरी," मामा म्हणाले. "पन्नास तारे, पन्नास विवर. आन् घे सह्या."

प्रबंध माझ्या हातात होता. पेन सरांच्या हातात होतं. मला फक्त एक वाक्य बदलायचं होतं. परीक्षक दूरचे होते. गोषवाऱ्याच्या पलीकडे कोण किती वाचतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या गोषवाऱ्याच्या मागे माझी कितीतरी पानं होती, आणि त्यांतल्या एकाही पानावर पन्नास नव्हते. आता बोललं तर हॉलंड गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. न बोललं तर काय जाईल ते दिसत नव्हतं, पण काहीतरी जाणार होतं, आणि मला त्याची जास्त भीती वाटली.

"पन्नास नाहीत," मी म्हणाले.

"काय नाहीत?"

"सर, आकडा माझ्याकडे आहे. केव्हापासून आहे. ताऱ्यांकडून पंचेचाळीस. विवराकडून वीस. उरलेले पस्तीस कशाचे, ते या वर्णपटावरून सांगता येत नाही. गाभ्यात धूळ इतकी दाट आहे की तिथल्या रेषा बाहेरच पडत नाहीत."

"म्हंजे देवाला आजून धा जास्ती," मामा पुटपुटले.

सरांनी पेन खाली ठेवलं. "सांगता येत नाही, हा निष्कर्ष नसतो, वैजयंती."

"पस्तीस टक्के सांगता येत नाही, हा निष्कर्ष आहे, सर. मी तो मोजलाय."

"पण आत्ताच तर ठरलं ना आपलं?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता, आणि त्याने मला जास्त लागलं. "सगळ्यांच्या समोर, शब्द देऊन?"

"तुमचं ठरलं, मॅडम. तुम्ही दोघांनी ठरवलं, मामांनी जमवलं. पण ती दीर्घिका बैठकीला नव्हतीच. तिचं ती काय म्हणतेय, ते कुणी विचारलंच नाही. आणि मलाही नाही. मी सकाळपासून चहा करतेय."

शेवटचं वाक्य जरा जोरातच निघालं. मामांचा अडकित्ता सुपारीवर अर्धवट थांबला. संपलं, असं मला वाटलं.

मग सर मान तिरकी करून म्हणाले, "हिने धूळ सगळीकडे सारखी पसरलेली धरली असणार."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मॅडमकडे बघत होते.

"तेच माझ्या मनात आलं," मॅडम म्हणाल्या. "तशी नसते ती. गुठळ्यागुठळ्यांनी असते. मधल्या फटींतून थोडं बाहेर येतंच."

"मग हिचे पस्तीस कमी होतील."

"होतीलच. सांगता येत नाही म्हणे. आम्ही इतकी वर्षं काय झोपा काढत होतो?"

"कुमुद, तुझं ते जुनं गणित आहे का अजून? गुठळ्यांचं?"

"असेल. खडू दे इकडे."

दोघं फळ्यापाशी गेले. सरांनी एक वर्तुळ काढलं. मॅडमनी ते पुसून दुसरं काढलं. मी प्रबंध छातीशी धरून उभीच. शेवटी धीर करून म्हणाले, "माझ्या सह्या?"

मॅडम वळल्या. "आण इकडे. तुझा आकडा चूक आहे, पण काम प्रामाणिक आहे. आणि तो बाहेर आल्याशिवाय आम्ही तो खोडणार कसा?" त्यांनी सही केली. सरांनी त्याखाली केली आणि म्हणाले, "आता जा. आम्हाला काम आहे."

'आम्हाला' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. दोघांनी मिळून लिहिलेला लेख पुढे आला, तेव्हा मी हॉलंडमध्ये होते. त्यांनी माझे पस्तीस वीसवर आणले होते. माझं म्हणणं आजही तीसच्या आसपास आहे. आम्ही तिघं अजून त्यावर भांडतो, आणि आता थेट भांडतो.

त्या दिवशी मात्र मला मामांची काळजी वाटत होती. संस्थेपासून यष्टीच्या थांब्यापर्यंत ते माझ्या पुढे पुढे चालत होते. ठरलेली बैठक मी चारचौघांत मोडली होती, आणि तेही त्यांची सख्खी भाची असून. थांब्यावरच्या बाकड्यावर बसल्यावर मी म्हणाले, "मामा, माफ करा. तुमचा शब्द गेला माझ्यामुळे."

"शब्द न्हाई गेला. सह्या झाल्या न्हवं." मामा रस्त्याकडे बघत होते. "म्या येगळाच इचार करतुय. लई बैठका केल्या. कुठली मानपानावरनं मोडली, कुठली जेवनावरनं. पन पोरगी आतनं भाईर येऊन न्हाई म्हनली, आसं कवाच झालं न्हाई."

"कारण तिला कुणी विचारत नाही."

"तेच म्हनतुय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या कारखान्याच्या पोराचं काय करू? इचारतुय."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. "नको, मामा. मला हॉलंडला जायचंय."

"बरं. सांगतो त्यास्नी."

"काय सांगाल?"

"इचारलं, न्हाई म्हनली. हाय तसं."

गाडी येताना दिसली. मामा उठले, पिशवी घेतली, आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता वळून म्हणाले, "तुज्या आईची बैठक माज्याच वसरीवर झाली. ती आत चुलीफुडं बसली हुती. आत जाऊन इचारायला किती लागत हुतं? म्या ग्येलो न्हाई." एवढं बोलून ते आत चढले. गाडी सुटली. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, भांडत नसत, तसे फार बोलतही नसत. एका घरात राहणारी दोन शांत माणसं, एवढंच मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात काही विचारण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. प्रबंध दिल्याचं मी सांगितलं, ते तिने अर्धवटच ऐकलं.

"दादा येऊन गेला," ती म्हणाली. "चहा घे म्हटलं तर न्हाई म्हनला. टोपी काढून बसला आन् म्हनला, तुजं लगीन ठरवलं तवा तुला इचारायचं ऱ्हाऊन ग्येलं, तर आता इचारतो. तुला यायचं हुतं का ह्या घरात?"

"मग?"

"मग काय. न्हवतं, म्हटलं."

"अण्णा कुठे होते?"

"हितंच की, समोर. पेपर वाचत हुते."

"त्यांनी ऐकलं?"

"ऐकलं तर. पेपर घडी करून ठेवला आन् म्हनले, मला तरी कुनी इचारलं हुतं?"

पलीकडून विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं आई रडतेय. मग कळलं की ती हसतेय, आणि मागे कुठेतरी अण्णाही हसताहेत. अण्णांचं हसणं मी फोनवरून कधी ऐकलं नव्हतं.

"मग पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय. त्यांच्या मनात कोन हुती ते त्यांनी सांगितलं, मला काय करायचं हुतं ते मी सांगितलं. बोलतच बसलो बघ. दादा कवा उठून ग्येला त्येबी कळलं न्हाई. चुलीवरची वांग्याची भाजी पार करपली."

"मग जेवलात काय?"

"तीच खाल्ली," आई म्हणाली.